माफी दगडाला की माणसाला?

सरकारी दप्तरात ‘माफी’ हा शब्द दिसला की मी आधी एकच गोष्ट पाहतो : ती वस्तूला आहे की माणसाला? हा प्रश्न विचारल्याशिवाय वडारांच्या श्रमाचा इतिहास उलगडत नाही.

१९५७ च्या केंद्रीय खाण कायद्याच्या १५ व्या कलमाने बांधकामाच्या दगडासारख्या गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाने खनिजांवरचा हक्क शासनाकडे ठेवला. दगडाला ब्रासमागे, म्हणजे शंभर घनफुटांमागे, स्वामित्वधन लागू झाले. पिढ्यान्‌पिढ्या घण-पहारीने कातळ फोडणारा माणूस कायद्यापुढे दुसऱ्याचा माल उचलणारा ठरला.

पुढे नियमांत पारंपरिक धंदा करणाऱ्या कुंभार-वडार कुटुंबांना ठरावीक ब्रासपर्यंत सूट मिळाली. पण ती कागदावर चालते. वडार ही विमुक्त जात. जातीच्या दाखल्यासाठी तिला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. गाढवांवर आणि गाड्यांवर बिऱ्हाड घेऊन कामामागे फिरलेल्या आजोबाचा पुरावा नातवाने कोणत्या गावच्या दप्तरात शोधायचा? शिवाय बहुसंख्य वडार दुसऱ्याच्या खाणीत उक्त्या मजुरीने दगड फोडतात. दगड त्यांच्या नावावर नाही. मग माफी कसली?

आता दुसरी माफी पाहा. पाया खोदताना निघालेली माती त्याच जागेवर भरावाला वापरली, तर ती केवळ खोदली म्हणून गौण खनिज ठरत नाही, असा निकाल पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी दिला. २०१५ मध्ये राज्याच्या नियमांतही तशी सूट आली. त्या तर्काशी माझे भांडण नाही. पण तिथे कुणाची जात, कुणाचा आजोबा विचारला गेला नाही. मातीचा वापर पाहिला, एवढेच. श्रमिकाच्या वाट्याला सूट येते तेव्हाच तिला जन्माचा दाखला का लागतो?

२५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने सांगितले की स्वामित्वधन हा कर नव्हे. खाणपट्टेदाराने खनिज काढण्याबद्दल पट्टा देणाऱ्याला द्यावयाचा तो मोबदला आहे. म्हणजे माफी हा मालकाने सोडलेला वाटा. मग तो कुणासाठी सोडला, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, कोळशावर उपकर बसवून खाणमजुरांचा कल्याण निधी उभारला गेला. तिथे उपकर खनिजावर होता आणि हित मजुराचे होते. आपण मात्र दगडावरची आकारणी सोडतो आणि दगड फोडणाऱ्याला विसरतो. म्हणून वस्त्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे : सवलतीचे ब्रास वाढवून मागण्याआधी वडारांच्या सहकारी संस्थांसाठी खाणपट्टे मागा. खाणच नसेल, तर माफीचे ब्रास मोजून काय करायचे?