वाण

आबा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीची पासबुकं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि अगदी तळाला चौपदरी घडी घातलेली एक पावती. घडीच्या रेषांवर ती फाटायला आली होती. निळ्या शाईत लिहिलं होतं : बैल नग 1, रंग पांढरा, सहा दाती, शिंगे मागे वळलेली. खाली सही आणि अर्धवट उमटलेला शिक्का. साल 1972.

ती पावती बघितली आणि माझ्या पोटात कालवलं. कारण आमचा बैल पांढरा नव्हता. तो कोसा होता.

आमचा मुलूख माणदेशाचा, म्हणजे खिलाराचा. बाहेरच्या माणसाला खिलार म्हणजे सगळा एकच दिसतो. उंच, ताठ, पांढरा, लांब शिंगांचा. पण आबांना आणि त्यांच्या पिढीला तो कधी एक दिसला नाही. डोळ्याभोवती काजळ घातल्यागत काळी कड असली तर तो काजळी. अंग पांढुरकं पण मानेवर, खांद्यावर राखेची झाक असली तर कोसा. मराठवाड्यात देवणी जनावरं असतात, तिकडचे लोक त्यांचेही असेच वेगळे करतात : वानेरा, बालंक्या, शेवरा. वानेऱ्याचं तोंड काळं, बालंक्याच्या पोटाखाली ठिपके, शेवऱ्याच्या अंगभर काळे पांढरे डाग. नांदेडकडची तांबडी जनावरं तर लाल कंधारी याच नावानं ओळखली जातात. जनावराचा रंग हेच त्याचं नाव, त्याचं कूळ आणि पुष्कळदा त्याची किंमत. आमच्या बैलाला आम्ही कोशा म्हणायचो. वेगळं नाव ठेवायची गरजच पडली नाही.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' असं आपण सगळेच म्हणतो. त्यातला ढवळा म्हणजे संस्कृतातला धवल. पण मला त्या म्हणीतला 'वाण' हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्ण, त्याचा प्राकृतात झाला वण्ण आणि मराठीत वाण. वाण म्हणजे आधी रंग. पुढं त्याचाच अर्थ जात, प्रकार असा झाला. शाळूचा मालदांडी वाण म्हणतो, तो हाच. शेतकऱ्याच्या बोलण्यात रंग आणि जात एकाच शब्दात बांधलेली आहे आणि ते खरंही आहे. बियाणं हातावर घेऊन आबा आधी रंगच बघायचे.

आता पांढरा. हा शब्द आला पाण्डुर या शब्दातून, आणि पाण्डुर म्हणजे काही दुधासारखा पांढरा नव्हे. फिकट, पिवळसर, रक्त नसल्यागत. महाभारतातला पंडू त्या रंगाचा. वैद्य पांडुरोग म्हणतात तोही तोच रंग, माणूस फिका पडतो तो. म्हणजे मुळात हा एक निस्तेज शब्द, आणि त्याच्यावर आपण मीठ, दूध, कापूस, टोपी, ढग सगळं लादलं. माझी आजी वारीहून आली की दरवेळी एक शंका काढायची. "पांडुरंग म्हणत्यात, आन् देव तर काळा कुळकुळीत. ह्ये कसं रं?" मी शाळेत शिकणारा, पण मला उत्तर देता यायचं नाही. जुन्या कानडी शिलालेखांत त्या गावाचं नाव पंडरगे असं येतं, हे मी फार पुढं वाचलं. गावाच्या नावावरून देवाचं नाव पडलं आणि त्यात मग लोकांना रंग दिसू लागला, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. मला ते पटतं. पण आजी तोवर गेली होती.

पांढऱ्या रंगाचा आणखी एक अर्थ मात्र आजीला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. गावठाणाला जुनी माणसं पांढरी म्हणायची आणि शेतजमिनीला काळी. पांढरीत घर, काळीत शेत. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये 'गावगाडा' लिहिला, त्यात हे दोन शब्द भेटतात. काळी का, ते सांगायला नको. पांढरी का, ते मात्र पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीनं ठरलेलं आहे. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहतात, मातीच्या भिंती पडतात, त्यावर परत घर उठतं, चुलीची राख, शेणाची राख, जनावरांचं मूत, हाडकं, सगळं त्यात मुरतं आणि तिथली माती भुरकट पांढरी होऊन जाते. आमच्याकडं धाब्याच्या घरांवर हीच माती टाकायचे. पाऊस आत येत नाही म्हणून. पुराणवस्तू शोधणारे लोकही असल्या पांढरीच्या टेकाडांकडं आधी बघतात. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून खणलं, तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघाली. आमच्या गावाच्या पांढरीतून लोकांनी ट्रॉल्या भरभरून माती नेली. खापरं निघायची, पोरं त्यांच्या टिकऱ्या करून लगोरी खेळायची. मीही खेळलोय.

तांबडा हा खरा गावचा शब्द. ताम्र, तंब, तांबं, त्यावरून तांबडा. पहाटे तांबडं फुटतं, माती तांबडी, मिरची तांबडी, कोल्हापूरचा रस्सा तांबडा. (तांबोळ्याचा मात्र तांब्याशी काही संबंध नाही, तो तांबुलाचा, विड्याच्या पानाचा. आमच्या मास्तरांनी वर्गात हे चुकीचं सांगितलं होतं.) लाल हा शब्द फारसीतून आला. तिकडं लाल म्हणजे माणकासारखं एक रत्न. तो दरबारातून, दप्तरातून, बाजारातून उतरत गावात आला. आजीच्या तोंडून मी लाल क्वचितच ऐकला. आमच्या पिढीत लाल शाई, लाल शेरा, लाल डब्याची एसटी आली आणि तांबडा मागं सरला. आता तो माती, पहाट आणि रश्श्यापुरता उरलाय.

निळ्याची गोष्ट तर झाडाचीच. नीळ हे झाड, त्याचा रंग नीळ, त्या रंगाचा तो निळा. युरोपातल्या लोकांना ती इथून जायची म्हणून त्यांनी तिला ठेवलेल्या नावाचा अर्थच 'हिंदुस्थानातली वस्तू' असा. बिहारात चंपारणच्या शेतकऱ्यांवर तिची सक्ती झाली, त्यापायी 1917 साली गांधी तिथं गेले, हे पुस्तकात होतं. पण त्याआधीच, 1897 पासून, जर्मनीतल्या कारखान्यातली रसायनाची नीळ बाजारात येऊ लागली होती आणि झाडाची नीळ मरायला टेकली होती, हे पुस्तकात नव्हतं. आमच्या घरात नीळ म्हणजे धोतराच्या शेवटच्या पाण्यात टाकायची पुडी. गंमत अशी की गडद निळ्याला आजी निळं म्हणायचीच नाही. काळंच म्हणायची. ढग काळे, लुगडं काळं. जुन्या संस्कृतातही नील शब्दात काळसर सगळंच मावायचं, तेव्हा आजीचं चुकत नव्हतं. मी तिला दुरुस्त करायचो, ते चुकत होतं.

आणि करडई. आमच्या शाळवाच्या रानात कडेनं करडईच्या ओळी असायच्या, काट्यामुळं जनावर आत शिरू नये म्हणून. तेल निघायचं, कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची. त्या करडईच्या फुलाचंच नाव कुसुंब, आणि कुसुंबी रंग तिथला, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. फुलाच्या पाकळ्या पाण्यात धुतल्या की आधी पिवळा रंग सुटून जातो. तो टाकून द्यायचा. मग खाराच्या पाण्यात घातल्यावर आतला तांबडा येतो. रंग सुरेख, पण उन्हापाण्यात टिकत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं पुढं बिनकाट्याची करडई काढली. पाकळ्या वेचायला ती सोयीची, पण आमच्या भागातून तोवर रंगाऱ्यांची घरं उठून गेली होती. रंगारी हे आडनाव तेवढं उरलं. कारखान्यातल्या पुड्यांच्या रंगांपुढं आणि गिरणीच्या कापडापुढं त्यांचं काय चालणार!

आईचे रंग वेगळे. ते सगळे बाजारातून, बागेतून आणि स्वयंपाकघरातून आलेले. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, जांभळा, श्रीखंडी, पारवा, मोरपंखी, अबोली. दुकानदारापुढं मांडी घालून ती म्हणायची, "आमसुली हाय का? ह्यो न्हवं, ह्यो वांगी कलर झाला." दुकानदार मुकाट्यानं दुसरा गठ्ठा काढायचा. तपकिरी तेवढा तिला आवडायचा नाही. तपकीर म्हणजे तंबाखूची पूड. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली, तेव्हा हा रंग नसला तरी त्याचं नाव फार जुनं असणार नाही. तिचे वडील तपकीर ओढायचे आणि धोतराला पुसायचे, हे तिच्या नावडीचं कारण. खाकी हा शब्दही असाच बाहेरचा. फारसीत खाक म्हणजे धूळ. 1840 च्या दशकात पेशावरकडच्या एका पलटणीनं मातीत मिसळून दिसावं म्हणून तसले कपडे घातले आणि पुढं ती धूळ साऱ्या हिंदुस्थानच्या पोलिसांच्या अंगावर चढली.

तर ती पावती.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, कडबा संपला. आबांनी धाकटा बैल कवडीमोलानं विकला आणि कोशाला छावणीवर नेऊन बांधलं. मी सातवीत होतो, बरोबर गेलो होतो. टेबलामागं बसलेल्या माणसानं विचारलं, "रंग?"

आबा म्हणाले, "कोसा."

"तसलं न्हाय. पांढरा, काळा का तांबडा?"

"कोसा हाय त्यो, भाऊसाहेब. मान बघा की."

मागं रांग लागली होती. त्या माणसानं वर न बघता पांढरा लिहिलं. त्याचीही काही चूक म्हणावी असं आता वाटत नाही. शे-दोनशे जनावरं, धूळ, आरडाओरडा.

पाऊस झाल्यावर आबा आणायला गेले तर दावणीला कोशा नव्हता. त्यांनी साऱ्या छावणीत तीनदा फेरी मारली. हाका मारल्या. शेवटी त्यांना एक बैल दाखवला गेला. पांढरा, सहा दाती, शिंगं मागं वळलेली. खिलाराची शिंगं मागं वळलेलीच असतात.

"पावतीवर पांढरा हाय. ह्यो पांढराच हाय न्हवं?"

"हाय. पर माजा न्हाय."

"मग तुमचा कोणता, ते कागदावर दावा."

आबांना वाचता येत होतं. त्यांनी पावती वाचली, घडी घातली आणि तो परका बैल घेऊन बारा मैल चालत आले. त्यानं आमच्याकडं नऊ वर्षं काम केलं. चांगला होता बिचारा. पण आबांनी त्याला कधी नाव ठेवलं नाही, नुसतं 'हं' म्हणून हाकायचे.

परवा पुतण्याच्या गोठ्यात गेलो तर जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले होते, बारा आकडी नंबर असलेले. "आता बदली व्हायचं भ्या न्हाय, काका," तो म्हणाला. खरंच आहे. बहात्तर साली असला बिल्ला असता तर बरं झालं असतं. त्याच्या गोठ्यात एक काजळी खोंड आहे. त्याला काय म्हणतोस विचारलं तर म्हणाला, "व्हाईट."

छावणीनंतर दोन वर्षांनी पौषात आम्ही खरसुंडीच्या यात्रेला गेलो होतो. सिद्धनाथाचं दर्शन झालं आणि आबा नेहमीसारखे जनावरांच्या बाजारात शिरले. घ्यायचं काही नव्हतं, नुसतं बघत फिरायचे. मधेच ते थांबले. एका बैलापुढं उभे राहिले. बैलानं मान वर केली, कान टवकारले आणि नाकपुड्या फुगवून आबांच्या धोतराचा वास घेतला. माझ्या अंगावर काटा आला. आबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. मालक पुढं आला. अंगात विटका सदरा, पायात चपला नाहीत. त्यालाही छावणीतनंच मिळाला होता. त्याच्या कागदावरही पांढराच लिहिलेलं असणार आणि त्याचा पांढरा, कुणास ठाऊक, आमच्या दावणीला असणार. कागद दोघांचेही खरे. मी आबांचा हात ओढला, "आबा, सांगा की त्याला!"

आबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या माणसाला म्हणाले, "काय म्हणून हाका मारताय, पाव्हणं?"

"पांढऱ्या."

"कोशा म्हणून मारा," आबा म्हणाले. "वळून बघतोय."