गुलाबतेल (घरगुती)

गुलाबतेल (घरगुती) हे गुलाबाच्या पाकळ्या तीळ, खोबरे किंवा बदाम यांच्या तेलात मुरवून तयार केलेले, त्वचेला लावण्याचे तेल होय. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत अंगणे कमी झाली असली, तरी गच्ची, गॅलरी व खिडकीतील कुंड्यांत गुलाब लावले जातात आणि अशा थोड्या फुलांपासूनही हे तेल करता येते. येथील दमट हवा मात्र त्याच्या टिकाऊपणाला प्रतिकूल आहे.

नाव व भेद

‘गुलाबतेल’ हे नाव दोन भिन्न पदार्थांना लावले जाते. सुगंधी द्रव्यांच्या व्यापारातील गुलाबतेल हे पाकळ्यांचे ऊर्ध्वपातन करून मिळवलेले बाष्पनशील तेल असते. सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल हे त्याचे प्रमुख घटक आहेत. असे 1 किलोग्रॅम तेल मिळण्यास साधारणतः 3,000 ते 5,000 किलोग्रॅम फुले लागतात. गॅलरीतील शंभर फुले जमवली, तरी त्या हिशेबाने एक-दोन थेंबच हाती येतील. म्हणून घरी होते ते मुरवलेले तेल. त्यात मूळ तेलच जवळजवळ सर्व असते व गुलाबाचा अंश अल्प असतो. कनौजचे पारंपरिक गुलाब अत्तर हा तिसरा प्रकार असून त्यात देग-भपक्यातून निघालेली सुगंधी वाफ चंदनाच्या तेलात धरली जाते.

गुलाब अत्तराच्या शोधाचे श्रेय लोकसमजुतीत नूरजहानला दिले जाते. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात मात्र ते तिची आई अस्मत बेगम हिला दिले आहे. आयुर्वेदीय निघंटूंत गुलाब ‘शतपत्री’ व ‘तरुणी’ या नावांनी येतो.

फुलांची निवड

तेलासाठी रंगापेक्षा गंध महत्त्वाचा. दमास्क गुलाब (रोझा डमासेना) यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. परंतु त्याला थंड हिवाळा मानवतो आणि कोकणपट्टीच्या उष्ण, दमट हवेत तो जोमाने फुलत नाही. येथे गुलाबी रंगाचा गावठी गुलाब किंवा ‘एडवर्ड’ अधिक उपयोगी पडतो. लांब दांड्याच्या अनेक संकरित जाती दिसण्यासाठी व टिकण्यासाठी निवडलेल्या असल्याने त्यांना वास जवळजवळ नसतो. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी केल्यास डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात चांगला बहर मिळतो. फुले सकाळी, दव वाळताच आणि ऊन चढण्यापूर्वी खुडतात, कारण उन्हाने सुगंधी द्रव्ये उडून जातात.

कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील फूलबाजारात गुलाब मुबलक मिळतात. मात्र ती फुले हार व सजावटीसाठी पिकवलेली असतात. फुलकिडे, लाल कोळी व काळे ठिपके यांच्या बंदोबस्तासाठी अशा पिकावर फवारण्या होतात. पाण्याने धुऊन सर्व अवशेष निघत नाहीत आणि तेलात विरघळणारी कीटकनाशके तर थेट तेलात उतरू शकतात. घरची, फवारणी न केलेली फुले वापरण्याचा आग्रह यासाठीच धरला जातो. तो केवळ हौसेचा भाग नव्हे.

कृती

पाकळ्या देठापासून सोडवून सावलीत, पंख्याखाली एक-दोन दिवस सुकवतात. त्या कुरकुरीत होईपर्यंत ठेवल्यास वास उणावतो, ओल्या राहिल्यास तेल बिघडते. हा मधला बिंदू साधणे हेच या कृतीतील खरे कौशल्य. कोरड्या काचेच्या बरणीत पाकळ्या भरून त्या पूर्ण बुडतील इतके तेल ओततात. पाकळीचे टोकही वर राहिल्यास तेथून बुरशी धरते. बरणी गरम पाण्याच्या भांड्यात मंद आचेवर एक-दोन तास ठेवतात. तेल उकळू देत नाहीत. नंतर ते स्वच्छ सुती कापडातून गाळतात. गंध वाढवायचा असल्यास त्याच तेलात पुन्हा नव्या पाकळ्या घालतात.

आयुर्वेदातील तैलपाकाची रीत वेगळी आहे. शार्ङ्गधरसंहितेत कल्काच्या चौपट स्नेह व स्नेहाच्या चौपट द्रव असे सामान्य प्रमाण दिले असून पाणी आटेपर्यंत पाक केला जातो. कल्काची वात अग्नीवर धरली असता तडतड आवाज न येणे ही पाणी संपल्याची खूण मानतात. ही परीक्षा घरगुती तेलालाही लागू पडते.

तयार तेल लाल किंवा गुलाबी होत नाही. पाकळीचा रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये पाण्यात विरघळतात, तेलात नाही. गडद गुलाबी ‘गुलाबतेल’ दिसल्यास त्यात वेगळा रंग मिसळलेला असण्याचा संभव अधिक.

साठवण

ठाणे परिसरात वर्षाला 2,000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबरमध्ये पाकळ्या नीट सुकत नाहीत, म्हणून या काळात तेल करणे टाळलेले बरे. तेल गडद रंगाच्या लहान बाटल्यांत, उजेडापासून दूर ठेवतात. ई जीवनसत्त्व घातल्याने तेल खवट होण्यास उशीर लागतो, परंतु त्याने बुरशी वा जिवाणू रोखले जात नाहीत. गढूळपणा, तळाशी पाण्याचे थेंब किंवा खवट वास आढळल्यास ते तेल टाकून द्यावे. खोबरेल मात्र सुमारे 24 अंश सेल्सिअसखाली थिजते. हिवाळ्यातील पहाटे ते पांढरे दिसले, तर तो बिघाड नव्हे.

त्वचेवरील वापर

कोरड्या त्वचेतील ओलावा टिकण्यास या तेलाने मदत होते. हा गुण मुख्यत्वे मूळ तेलाचा आहे. डाग घालवणे वा वर्ण उजळणे यांसाठी त्यावर विसंबता येत नाही, तसेच ते उन्हापासून संरक्षणही देत नाही. मुरुमांची प्रवृत्ती असणाऱ्यांनी खोबरेलाचे तेल चेहऱ्यावर टाळावे. जिरॅनिऑल व सिट्रोनेलॉल यांची काहींना ॲलर्जी असते; त्यामुळे प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक-दोन दिवस वाट पाहतात. जखम, इसब किंवा तान्ह्या बाळाची त्वचा यांवर वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते वापरू नये.

विक्री

स्वतःच्या वापरापुरते तेल करण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायचे असल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 यांनुसार परवाना आवश्यक असतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. बचतगटातून वा ओळखीच्या लोकांत बाटल्या विकणाऱ्यांनाही हीच तरतूद लागू होते.