सँक्च्युअरी शहरे आणि फेडरल निधी : अमेरिकेतला वाद नेमका काय आहे?

सँक्च्युअरी सिटी म्हणजे पनाह देणारे शहर. इमिग्रेशन खात्याला किती मदत करायची यावर ज्या शहरांनी, काउंटींनी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) किंवा राज्यांनी मर्यादा घातली आहे, त्यांना हे नाव पडले. १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या यादवीतून पळून आलेल्यांना तिथल्या चर्चनी आसरा दिला, तिथून हा शब्द रुळला. सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ मध्ये तसा कायदाच केला.

पनाह म्हणजे काय, काय नाही

अशा शहरात बेकायदा राहणाऱ्याला कोणी हात लावू शकत नाही, हा गैरसमज आहे. इमिग्रेशनची यंत्रणा ‘आइस’ तिथेही अटक करू शकते. गुन्हा केला तर स्थानिक पोलीसही पकडतात. मुद्दा वेगळा आहे. सुटकेची वेळ झाली तरी अमुक कैद्याला आणखी ४८ तासांपर्यंत ठेवा, अशी विनंती आइस तुरुंगाला करते. न्यायाधीशाचे वॉरंट नसेल तर अनेक शहरे ती मानत नाहीत.

शहरे म्हणतात, पोलीस आला म्हणजे हद्दपारी आली अशी भीती बसली, तर नवऱ्याचा मार खाणारी बाई ९११ ला फोन करणार नाही. केंद्र म्हणते, गुन्हेगार सुटतात आणि मग त्यांना रस्त्यावर शोधणे जास्त धोक्याचे होते.

निधीला कात्री

२५ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अशा शहरांचा फेडरल, म्हणजे केंद्राचा, निधी रोखण्याचा आदेश काढला. दोनच दिवसांनी सात मुस्लिमबहुल देशांवरच्या प्रवेशबंदीचा आदेश आला. सॅन फ्रान्सिस्को आणि जवळची सांता क्लारा काउंटी कोर्टात गेली. सॅन होजे, क्युपर्टिनो याच काउंटीत. आपल्याकडचे अनेक आयटीवाले तिथे राहतात. काउंटीच्या उत्पन्नाचा सुमारे ३५ टक्के भाग फेडरल पैशांवर अवलंबून होता. न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी एप्रिल २०१७ मध्ये आदेशाला स्थगिती दिली.

कायदा काय सांगतो

• तिजोरीची चावी काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे आहे. राष्ट्राध्यक्ष स्वतःहून निधीला नवी अट जोडू शकत नाहीत.

• अट स्पष्ट हवी आणि निधीच्या उद्देशाशी जोडलेली हवी (साउथ डकोटा विरुद्ध डोल, १९८७). नकार देणेच अशक्य व्हावे इतका पैसा अडवला, तर ती जबरदस्ती ठरते (मेडिकेड निकाल, २०१२).

• केंद्र राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही (प्रिंट्झ खटला, १९९७).

निकाल एकसारखे नाहीत

पोलिसांच्या अनुदानावर घातलेल्या अटींविरुद्ध शिकागो २०१८ मध्ये अपिलात जिंकले. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने मात्र २०२० मध्ये सरकारची बाजू उचलून धरली. बायडन सरकार आल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले हे खटले निकालाविनाच संपले. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा तसेच आदेश काढले आणि एप्रिलमध्ये ऑरिक यांनी ते पुन्हा रोखले.

म्हणून हा प्रश्न फक्त कागदपत्रे नसलेल्यांचा नाही. निधी थांबला तर सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या नागरिकालाही त्याची झळ बसते.