३.२५ मोठे की ३.५? दशांश अपूर्णांकांच्या तुलनेतील गफलत

प्रतिनिधी

सव्वातीन आधी वाजतात की साडेतीन, या प्रश्नाला पाचवी-सहावीतला विद्यार्थी अडखळत नाही. फळ्यावर ३.२५ आणि ३.५ लिहून मोठी संख्या विचारली, की मात्र अनेक मुले ३.२५ कडे बोट दाखवतात. पंचवीस हे पाचापेक्षा मोठे, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

हा तर्क मुलांनी शाळेतच कमावलेला असतो. पूर्ण संख्यांमध्ये ज्या संख्येत अंक जास्त, ती मोठी. हा नियम पहिल्या चार वर्षांत एकदाही चुकत नाही. दशांश चिन्हाच्या उजवीकडे तो लागू पडत नाही. तेथे पहिले स्थान दशांशाचे, दुसरे शतांशाचे, तिसरे सहस्रांशाचे आणि प्रत्येक स्थानाची किंमत आधीच्या स्थानाच्या एक दशांश असते. म्हणून तुलना डावीकडून करावी लागते. प्रथम पूर्णांक भाग पाहायचा, तो समान असल्यास दशांश, तेही समान असल्यास शतांश. जेथे पहिला फरक आढळेल, तेथेच निकाल लागतो. ०.६ ही संख्या ०.५९९ पेक्षा मोठी ठरते ती यामुळेच.

याच्या नेमकी उलट चूकही आढळते. 'शतांश हा दशांशापेक्षा लहान' हे ऐकलेली काही मुले ०.४५ पेक्षा ०.३ मोठे मानतात. गंमत अशी, की ३.२५ आणि ३.५ या जोडीचे उत्तर ही मुले अचूक देतात. एकाच प्रकारची उदाहरणे घातली, तर त्यांचा गैरसमज उत्तरपत्रिकेत दिसणारच नाही. शिक्षकांनी दोन्ही प्रकारच्या जोड्या विचारायला हव्यात.

शेवटी शून्य देऊन अंकसंख्या समान करण्याची, म्हणजे ३.५ चे ३.५० करण्याची युक्ती सर्वपरिचित आहे. तिने उत्तर बिनचूक येते. पण मूल पुन्हा पन्नास आणि पंचवीस या पूर्ण संख्यांचीच तुलना करते. ३.५० आणि ३.०५ यांत शून्याने काय केले, हे त्याला सांगता आले तरच स्थानिक किंमत समजली म्हणायची. औषधाची मात्रा लिहिताना तर हे शेवटचे शून्य टाळावे, असा दंडक आहे. चिन्ह पुसट असल्यास ५.० चे ५० वाचले जाऊ शकते. उलट ०.५ मधले आधीचे शून्य गाळायचे नसते.

वाचनाची सवयही घात करते. 'तीन पॉइंट पंचवीस' म्हटले की पंचवीस कानात राहते. 'तीन दशांश चिन्ह दोन पाच' असे म्हणणे शास्त्रशुद्ध. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हापासून रुपये-पैसे हे दशांशाचे हुकमी उदाहरण ठरले. मात्र त्यात चिन्हापुढे नेहमी दोनच अंक असतात, त्यामुळे खरी अडचण झाकली जाते. शिवाय पंचवीस पैसे व त्याखालील नाणी जून २०११ अखेर चलनातून बाद झाल्याने आजच्या मुलांनी ती हाताळलेलीच नाहीत. क्रिकेटच्या धावफलकावरचे ४.५ तर दशांश नव्हेच. ती चार षटके व पाच चेंडू. साडेचार षटके तेथे ४.३ अशी लिहितात. पुस्तकातील ३.९ नंतर येणारा ३.१० हा भागही असाच फसवा. संख्या म्हणून ३.१० लहान आहे.

त्यापेक्षा धावण्याच्या शर्यतींच्या वेळा वर्गात अधिक उपयोगी पडतील. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रुमानियाच्या क्रिस्टियाना कोजोकारूने ५५.४१ सेकंद, तर पी. टी. उषाने ५५.४२ सेकंद वेळ नोंदवली. पूर्णांक समान, दशांशही समान. फरक शतांशाच्या स्थानी. शर्यतीत लहान संख्या पुढे असते, त्यामुळे कांस्यपदक रुमानियाला गेले आणि उषा चौथी आली.