मंदी आणि एकमुखी कारभार

व्यापारांत मंदी आली, कीं सर्व कारभार एका खंबीर पुरुषाच्या हातीं द्यावा, असें पुष्कळांस वाटतें. कॉलेजांतील समित्यांच्या बैठकींतून बसून बसून आम्हांसही हें मत कधीं कधीं गोड लागतें! परंतु अमेरिकेंतील दोन मोटार-कंपन्यांचा इतिहास पाहिला असतां तें जसेंच्या तसें टिकत नाहीं.

१९२० च्या उत्तरार्धांत तेथें मोटारींचा खप एकाएकीं बसला. जनरल मोटर्सचे प्रमुख ड्युरंट हे कंपन्या विकत घेण्यांत पटाईत. पण प्रत्येक शाखेचा व्यवस्थापक आपल्या मर्जीनें माल भरीत असे. साठ्यास १५ कोटी डॉलरांची मर्यादा ठरली होती. ऑक्टोबरांत तो २० कोटींवर गेला. नोव्हेंबरांत ड्युरंट यांस पायउतार व्हावें लागलें. उलट हेन्री फोर्ड यांनीं १९१९ सालींच इतरांचे सर्व भाग विकत घेऊन कंपनी कुटुंबाच्या मुठींत आणली होती. त्यांनीं कारखाना कांहीं आठवडे बंद ठेवला, तयार गाड्या विक्रेत्यांच्या गळ्यांत बांधल्या व रोख पैसा मागितला. बिचाऱ्या विक्रेत्यांनीं गांवच्या पेढ्यांतून कर्जें काढलीं, फोर्ड तरले. येथवर एकमुखी कारभाराचाच जय झाला, हें आम्ही कबूल करतों.

पण आमच्या मतें खरा प्रश्न हा, कीं खालची वाईट बातमी वर किती लवकर पोंचते, आणि ती सांगणाऱ्याचें पुढें काय होतें. जनरल मोटर्सचे नवे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांस १९२४ सालीं फिरतीवर असतां विक्रेत्यांच्या आवारांत न खपलेल्या गाड्या दिसल्या. तेव्हांपासून दर दहा दिवसांनीं विक्रेत्यांकडून खपाचा हिशेब येऊं लागला. फोर्ड यांचे चिरंजीव एड्सेल यांचे साडू कान्झ्लर हे कंपनींतील वरिष्ठ अधिकारी. 'मॉडेल टी' गाडी आतां मागें पडली, असें त्यांनीं १९२६ सालीं मोठ्या अदबीनें लिहून दिलें. थोड्याच महिन्यांत त्यांस जावें लागलें. पुढल्याच वर्षीं ती गाडी बंद झाली.

१९३२ सालीं जनरल मोटर्सची विक्री १९२९ च्या एकतृतीयांशाहून खालीं आली, तरी सुमारें १,६५,००० डॉलर नफा उरला. फोर्डला कोट्यवधि डॉलरांचा तोटा आला. मात्र त्याच वर्षीं स्लोन यांनीं तीन शाखांचीं विक्रीखातीं एकत्र केलीं, हें शाखास्वातंत्र्याच्या भक्तांनीं विसरूं नये.

१९४५ सालीं हेन्रींचा नातू फोर्ड कंपनीचा अध्यक्ष झाला. कारभाराची घडी नव्यानें बसविण्यासाठीं त्यानें बोलावलेल्यांपैकीं बरीच माणसें जनरल मोटर्सच्या तालमींत तयार झालेलीं होतीं.