फाका, मावशी आणि तिकीट

दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ साली आला आणि मराठी पडद्यावर चावटपणा अवतरला, असं सरसकट सांगितलं जातं. त्याचं कूळ शोधू गेलं तर वाट रत्नागिरीच्या शिमग्यावरून जाते, पण तिथे एक गोम आहे. शिमग्यातला चावटपणा उघडाबोडका असतो, पडद्यावरचा पांघरूण घेऊन येतो. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' हे १९७८च्या चित्रपटाचं नाव घ्या. वाक्य निरागस, खट्याळपणा सगळा ऐकणाऱ्याच्या डोक्यात. होळीभोवतीच्या फाक्यात असली कसरत कोणी करत नाही. उलटा हात तोंडावर आपटून बोंब ठोकायची आणि जे म्हणायचं ते नाव घेऊन म्हणायचं. मग हे पांघरूण आलं कुठून?

'शिमगा' शब्दाचं मूळ अभ्यासक 'सुग्रीष्मक' या संस्कृत शब्दात शोधतात. हेमचंद्राच्या 'देशीनाममाले'त तो 'सुगिम्हअ' होऊन भेटतो. म्हणजे शब्द ऋतूचा, आणि मोकळीकही ऋतूपुरतीच. फाकपंचमीला सुरुवात, कुठे तेरसे शिमगे, कुठे भद्रे, मग पालखी घरोघर फिरून देवळात परतली की तोंडाला पुन्हा कुलूप. याच दिवसांत नमन या लोकनाट्याचे खेळे मृदंग घेऊन निघतात. त्यांच्यातला संकासूर काळ्या कपड्यांत, डोक्यावर निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. वेद पळवणारा हा शंखासुर. विष्णूने मत्स्य होऊन त्याला मारला म्हणतात, आणि कोकणात लोक त्यालाच नवस बोलतात! दैत्याला देव करून त्याच्याकडून हसवून घ्यायचं, ही मोकळीक देवाच्या डोळ्यांदेखत दिलेली आहे.

हीच व्यवस्था अथेन्समध्ये होती. डायोनायससच्या उत्सवांत ठरल्या दिवशी विनोदी नाटकं होत, नट चामड्याचं लिंग बांधून येत, आणि कॉमेडीचा उगम लिंगपूजेच्या गाण्यांत असल्याचं ॲरिस्टॉटलने नोंदवलं आहे. इ. स. पू. ४११ मध्ये ॲरिस्टोफेनिसने 'लिसिस्ट्राटा' आणलं. त्यात युद्ध थांबावं म्हणून बायका नवऱ्यांना शेजेला येऊ देत नाहीत आणि खजिना असलेली ॲक्रोपोलिस टेकडीही ताब्यात घेतात. सिसिलीत अथेन्सचं आरमार बुडून जेमतेम दोन वर्षं झाली होती, तरी हे भर उत्सवात चाललं. स्पाइक लीने २०१५ साली हीच गोष्ट शिकागोच्या टोळीयुद्धात नेऊन 'शायरॅक' काढला. कोकणाने हे ग्रीसकडून घेतलं असं मात्र मी म्हणत नाही. नाटकाच्या पडद्याला 'यवनिका' म्हणतात आणि यवन म्हणजे ग्रीक, एवढ्या एका शब्दावर असले इमले पुष्कळ बांधून झाले. नातं रक्ताचं नाही, गरजेचं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की वेळेला कुंपण असेल तर शब्द उघडा चालतो. ते नसेल तर शब्दालाच पदर घ्यावा लागतो. यावर कोणी म्हणेल, द्वयर्थ सिनेमाच्या आधीचा आहे. नमनातली गवळण बघा. अगदी खरं. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना वाट अडवून दाण म्हणजे जकात मागितली जाते, गवळणींची म्होरकी मावशी ठसक्यात जबाब देते, आणि दाण कसलं ते प्रेक्षक आपापल्या वयानुसार ठरवतो. पण हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. फाका पुरुषांच्या घोळक्यात, होळीपुरता. गवळण आयाबाया आणि पोरंबाळं बसलेल्या मांडावर. समोरची बैठक बदलली, की पांघरूण आलंच. पडद्याचा प्रेक्षक तर बाराही महिने तिकीट काढून येणारा, आणि दाराशी सेन्सॉर बसलेला. सिनेमाने गवळणीची युक्ती उचलली. फाका त्याला परवडणारा नव्हता.

दुसरा आक्षेप जड आहे. ही मोकळीक पुरुषांनी पुरुषांना दिलेली होती. फाक्यात निघणारी नावं बायकांची, मावशीच्या लुगड्यात मात्र बाप्या. 'लिसिस्ट्राटा'तल्या बंडखोर बायकाही पुरुषच करत. हे नाकारता येत नाही, आणि सुधारकांनी शिमग्यावर झोड उठवली ती उगाच नव्हे. मात्र त्यांना अश्लीलता पुसता आली नाही, तिचा पत्ता तेवढा बदलला. आज नमनमंडळं मुंबईच्या नाट्यगृहांत तिकिटावर प्रयोग लावतात. तिथे गण येतो, गवळण येते, मावशी टाळ्या घेते, संकासुराची घुंगरंही वाजतात. फाका मात्र गावच्या होळीपाशीच राहतो.