नर्सी नामदेव

हिंगोली जिल्ह्याच्या हिंगोली तालुक्यातील कयाधू नदीकाठचे गाव व वारकरी तीर्थक्षेत्र. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. जुन्या लेखनात गावाचा उल्लेख ‘नर्सी-बामणी’ असा जोडीने येतो. नामदेवांच्या जन्मस्थानाचा मान कऱ्हाडजवळच्या नरसिंगपुराला द्यावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. मराठवाड्याच्या परंपरेत मात्र नर्सीबद्दल कधीच शंका नव्हती आणि भाविकांची पावलेही इकडेच वळतात. गावाचा सर्वसाधारण इतिहास यादवकाळापासून सांगता येतो. प्रस्तुत नोंदीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे अधिक लक्ष दिले आहे. युरोपात प्रबोधनयुग सरत असताना नर्सीचे नाव मोगल दप्तरात चढले, आणि नर्सीच्या शिंप्याची, म्हणजे नामदेवांची, वाणी पंजाबातल्या एका ग्रंथात कायमची स्थिर झाली. या दोन घटना एकाच दशकाच्या आसपास घडल्या, तरी त्या एकत्र मांडलेल्या क्वचितच आढळतात.

त्या काळी हा सगळा मुलूख वऱ्हाडात मोडत असे. बहमनी राज्य फुटल्यावर १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्काने वऱ्हाडात इमादशाही उभी केली. दक्षिणेकडची पाथरी हे अहमदनगरच्या निजामशाही घराण्याच्या पूर्वजांचे गाव असल्याने अहमदनगर आणि वऱ्हाड यांच्यात तिच्यासाठी वारंवार लढाया झाल्या. पूर्णा आणि कयाधू यांच्या मधला प्रदेश या झगड्याच्या वाटेवर होता. १५७४ मध्ये मूर्तझा निजामशहाने इमादशाही संपवली. पुढे बावीस वर्षांनी, १५९६ मध्ये, अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीने तह करून वऱ्हाड मोगलांच्या हवाली केले. एका माणसाच्या हयातीत नर्सीच्या पाटलाने तीन राजवटींना सारा भरला असेल.

अकबराचा दरबारी अबुल फजल याच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या बाशीम (आजचे वाशीम) सरकारातील परगण्यांमध्ये औंढा, कळमनुरी आणि नर्सी यांची नावे आहेत. आजच्या हिंगोली जिल्ह्याचा बराच भाग त्यावरून ओळखता येतो. बाशीमच्या परिसरातील हटकर जमातीविषयी अबुल फजल लिहितो, की ते मानी आणि न जुमानणारे लोक असून त्यांच्याकडे एक हजार स्वार व पाच हजार पायदळ आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे. तह झाला, परगण्यांची नोंद तयार झाली, तरी मुलूख हाताखाली आला नव्हता, हे त्यातून दिसते. हटकरांच्या या बाण्याचा पुढचा अध्याय १८१९ मध्ये लिहिला गेला. हदगावजवळच्या नोव्ह्याच्या गढीतून नोवसाजी नाईकांनी निजाम आणि इंग्रज यांच्या फौजेशी झुंज दिली.

त्या दशकात मोगल दरबारातली मोठी माणसे याच खोऱ्यांत वावरत होती. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठच्या परिसरात (आता परभणी जिल्हा) विजापूरचा सरदार सुहेलखान आणि मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखाना यांची मोठी लढाई झाली. हा खानखाना म्हणजे हिंदी दोह्यांचा कवी रहीम. बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फार्सीत आणणाराही तोच. तलवार, काव्य आणि भाषांतर या तिन्हींत सारखी गती असलेला माणूस त्या युगाचा खरा प्रतिनिधी म्हणावा लागेल. अकबराचा मुलगा मुराद १५९९ मध्ये पूर्णाकाठी दिहारी येथील छावणीत वारला. तेव्हा खुद्द अबुल फजल तिथे पोहोचला होता आणि फौजेची घडी त्यानेच बसवली. हीच पूर्णा पुढे औंढा आणि वसमत तालुक्यांतून वाहत गोदावरीला मिळते. सिद्धेश्वर धरण तिच्यावरच आहे.

या सगळ्या धामधुमीत नर्सीला राजधानी, टांकसाळ किंवा मोठी बाजारपेठ लाभली नाही. गावाची कीर्ती वाढली ती दूर उत्तरेत. नामदेव पंढरपूरचे वारकरी. दामाशेटी व गोणाई यांचे पुत्र, ज्ञानदेवांचे सहप्रवासी. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर ते उत्तरेला गेले आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घ काळ राहिले, अशी परंपरा आहे. अडीचशे वर्षांनी त्यांची पदे राजस्थान, ब्रज आणि पंजाब या तिन्ही प्रांतांत गाइली जात होती. १५८८च्या सुमारास रामानंदी कवी अनंतदासाने हिंदीत नामदेवांची परची (चरित्रकाव्य) लिहिली. नाभादासाच्या ‘भक्तमाल’मध्ये त्यांना स्थान मिळाले. शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांच्या काळात, १५७०च्या सुमारास, गोइंदवाल येथे तयार झालेल्या पोथ्यांतही भक्तांच्या वाणीत नामदेव आहेत.

मग १६०४ साल आले. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी अमृतसर येथे आदिग्रंथ सिद्ध केला. भाई गुरदास लेखक होते. ग्रंथ हरिमंदिरात ठेवला गेला आणि बाबा बुड्ढा पहिले ग्रंथी झाले. जयदेव, शेख फरीद, कबीर, रविदास, त्रिलोचन यांच्याबरोबर नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत, अठरा रागांत लावलेली. आसा, धनासरी, भैरव, मलार, प्रभाती हे त्यांतले काही राग. पदांची भाषा त्या काळची हिंदी. पण तिच्यात मराठी रूपे डोकावतात आणि विठ्ठलाचे नाव ‘बीठल’ होऊन स्पष्टपणे येते. शिंप्याचा गज आणि कात्रीही येतात. पंढरीचा देव आणि नर्सीचा धंदा असे दोन्ही अमृतसरच्या पानांवर पोहोचले.

या घटनेचे खरे वजन कळायला मराठी बाजू पाहावी लागते. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध मराठीतही ग्रंथ गोळा करण्याचा, पाठ ताडून पाहण्याचा काळ होता. पैठणच्या एकनाथांनी १५८४ (शके १५०६) मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठशुद्धी केली. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो तिच्यामागे ते काम आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘गीतार्णव’सारखा अफाट ग्रंथ रचला आणि लांबरुंद कापडावर ‘पासोडी’ लिहिली. ती आजही अंबाजोगाईत जपलेली आहे. गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीछंदात ख्रिस्तपुराण लिहिले आणि १६१६ मध्ये ते छापून निघाले. तिकडे इंग्लंडमध्ये जेम्स राजाच्या आज्ञेने पंडितांनी जुने पाठ ताडून केलेले बायबल १६११ मध्ये बाहेर पडले. विखुरलेला शब्द शोधायचा, तपासायचा आणि टिकेल अशा रूपात बांधायचा, ही ओढ त्या पिढीत जगभर दिसते.

नामदेवांच्या मराठी अभंगांना मात्र असा एकनाथ भेटला नाही. ते कीर्तनांतून, वारकऱ्यांच्या वह्यांतून आणि फडांच्या परंपरेतून वाढत राहिले. त्यात एकनाथांच्याच काळी विष्णुदास नामा हा दुसरा मोठा कवी झाला. अठरा पर्वांचे महाभारत मराठीत आणणारा आणि शके १५१७ (१५९५) मध्ये ‘शुकाख्यान’ लिहिणारा. त्याच्या रचनेतही ‘नामा’ची मुद्रा असल्याने दोघांचे अभंग एकमेकांत मिसळले. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘श्रीनामदेव गाथे’च्या संपादकांनाही हा गुंता सोडवताना कष्ट पडले, आणि तो पूर्ण सुटलेला नाही. परिणामी नर्सीच्या या पुत्राची निश्चित तारखेची आणि अक्षर न अक्षर सांभाळलेली वाणी गुरुमुखी ग्रंथात शोधावी लागते. मराठी वाचकांनी याची खंत करण्यापेक्षा पंजाबचे ऋण मानावे आणि ती ६१ पदे अभंगांइतक्याच जिव्हाळ्याने अभ्यासावीत, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या नामदेवांमध्ये ती फारशी दिसत नाहीत.

यांतल्या एका पदाचा संबंध थेट हिंगोली जिल्ह्याशी जोडला जातो. देवळात भजनाला बसलेल्या नामदेवांना हीन जातीचे म्हणून उठवले गेले, ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असा प्रसंग त्यात आहे. पदात गावाचे नाव नाही. पण मराठवाड्यात हा प्रसंग औंढा नागनाथचा म्हणून सांगितला जातो. औंढ्याचे नागनाथ मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. त्याचा खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवकालीन घडणीचा व शिल्पांनी गजबजलेला आहे. विटा-चुन्याचा वरचा भाग पुष्कळ नंतरचा. लिंग जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यात आहे. विसोबा खेचरांनी नामदेवांना गुरूपदेश दिला तो इथेच, अशी श्रद्धा आहे. शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांची कथा मराठी घराघरांत माहीत आहे. देऊळ फिरल्याची कथा १६०४ मध्ये पंजाबात लिहून ठेवलेली होती, हे मात्र औंढ्यात दर्शनाला येणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. जातीने दुखावलेल्या माणसाचा स्वर त्या पदात इतका ताजा आहे, की चमत्कार बाजूला ठेवला तरी पद तितकेच खरे वाटते.

१७०८ मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. नामदेवांची वाणी ज्यात आहे तो ग्रंथ अशा रीतीने हिंगोलीला लागून असलेल्या नांदेडात, गोदावरीच्या काठी, शिखांचा शाश्वत गुरू झाला. नांदेडच्या सचखंड साहिब गुरुद्वाऱ्याला येणारे अनेक शीख भाविक म्हणूनच पुढे नर्सीला येतात.

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा काढण्यात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५. नर्सीत कयाधूच्या काठावर नामदेवांचे मंदिर आहे. आषाढी एकादशीला पंढरपूरला गेलेले वारकरी परतल्यावर आषाढ वद्य एकादशीला येथे परतवारीची मोठी यात्रा भरते; परभणी, नांदेड, वाशीमकडच्या दिंड्याही तिला येतात. एप्रिल २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले, तेव्हा नर्सी–पंढरपूर–घुमान हा जुना मार्ग मराठी वाचकांच्या बोलण्यात पुन्हा आला. नर्सी पाहणाऱ्याने त्याच फेरीत औंढा आणि नांदेडचा सचखंड साहिबही पाहावा. तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात होतात.